नावावर चाललेला कारखाना

मे २००० मध्ये बर्मिंगहॅमजवळचा लाँगब्रिजचा मोटार कारखाना दहा पौंडांना विकला गेला. त्या दहा पौंडांत इमारती, यंत्रं, तयार होऊन पडलेल्या गाड्या, हजारो कामगार आणि ‘रोव्हर’ हे नाव लावण्याचा परवाना असं सगळं आलं. विकणारी बीएमडब्ल्यू इतकी मेटाकुटीला आली होती, की तिने घेणाऱ्यांच्या पदरात वर ४२ कोटी ७० लाख पौंडांचं बिनव्याजी कर्जही घातलं. तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला चक्क ‘हुंडा’ म्हटलं. ज्या ब्रिटिश लेलँड समूहाचा हा उरलासुरला तुकडा, त्याने स्थापनेच्या वेळी, म्हणजे १९६८ साली, ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या शंभरांतल्या सुमारे चाळीस गाड्या बनवल्या होत्या. हुंडा पाच वर्षं पुरला. एप्रिल २००५ मध्ये या कंपनीने, म्हणजे एमजी रोव्हरने, दिवाळं काढलं आणि सुमारे सहा हजार लोक घरी बसले.

ही कंपनी कुणी बुडवली, असं ब्रिटनमध्ये कुणालाही विचारा. उत्तर बहुधा एका टोपणनावात मिळतं: ‘रेड रॉबो’. डेरेक रॉबिन्सन हा लाँगब्रिजमधला कम्युनिस्ट कामगार पुढारी. सत्तरच्या दशकातले संप, फाटकाबाहेर हात वर करून घेतलेली मतदानं, दारं नीट न लागणाऱ्या गाड्या, हे सगळं त्याच्या खात्यावर जमा आहे. दुसरा गट म्हणतो, थॅचरबाईंनी विकून खाल्लं. तिसरा बीएमडब्ल्यूकडे बोट दाखवतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मला यातली एकही गोष्ट पुरेशी वाटत नाही. मोटार कंपनी जगते ती पुढची गाडी वेळेवर आणि नफ्यात बनवता येण्यावर. लाँगब्रिजच्या धन्यांनी जवळजवळ अर्धं शतक हे एकच काम टाळलं. त्याऐवजी ते कंपन्या जोडत राहिले, तोडत राहिले, पाट्या बदलत राहिले आणि जुन्या नावांवर जमलेली पुण्याई खर्चत राहिले. संप, मंत्री आणि जर्मन मालक यांनी फक्त हिशेब लवकर चुकता केला.

सुरुवात मात्र अस्सल कारागिरीची होती. हर्बर्ट ऑस्टिनने १९०५ मध्ये लाँगब्रिजचा एक रिकामा पडलेला छापखाना घेऊन तिथे गाड्या बनवायला घेतल्या. १९२२ ची त्याची ‘ऑस्टिन सेव्हन’ इतकी छोटी, स्वस्त आणि हुशारीची होती, की परदेशांत तिचे परवाने विकले गेले. जर्मनीतल्या आयसेनाखचा एक कारखाना ती ‘डिक्सी’ या नावाने बनवत असे. विमानाची इंजिनं आणि मोटारसायकली बनवणाऱ्या बीएमडब्ल्यूने १९२८ मध्ये तो कारखाना विकत घेतला, म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार मुळात ऑस्टिनची. जपानच्या निसाननेही १९५२ मध्ये ऑस्टिनशी करार केला आणि आधुनिक गाडी कशी जोडायची याचे धडे तिथे गिरवले. या दोन्ही विद्यार्थ्यांची गाठ पुढे पडणार आहे. रोव्हर तेव्हा वेगळं घराणं होतं. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाकं आणि साखळी असलेली सायकल काढली, ती ‘रोव्हर’. आज आपण चालवतो त्या सायकलीचा सांगाडा तोच. पुढे या नावाच्या गाड्या डॉक्टर, वकील आणि बँक मॅनेजर यांच्या गाड्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि तिची कट्टर प्रतिस्पर्धी मॉरिस एकत्र आल्या आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, उभी राहिली. हिची सगळ्यात गाजलेली गाडी मिनी. मला तर या साऱ्या कहाणीचं बीज मिनीतच दिसतं.

सुएझच्या पेचानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर गेलं आणि स्मर्नात जन्मलेल्या अ‍ॅलेक इसिगोनिसला छोटी गाडी काढायला सांगण्यात आलं. त्याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात सरकवला, दहा इंची चाकं चारी कोपऱ्यांवर ढकलली आणि दहा फुटांच्या डब्यात चार माणसांना जागा करून दिली. ऑगस्ट १९५९ मध्ये ही गाडी बाजारात आली. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या आडव्या इंजिनाच्या आणि पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या असतात, तो मार्ग तिनेच रुळवला. किंमत होती पाचशे पौंडांच्या आत. ही किंमत यांना परवडते तरी कशी, हे फोर्डच्या मंडळींना कळेना. त्यांनी एक मिनी विकत घेतली, स्क्रू न् स्क्रू सुटा केला, प्रत्येक सुट्या भागाची किंमत मांडली आणि निष्कर्ष काढला: बीएमसीला दर गाडीमागे सुमारे तीस पौंडांचा तोटा होत असावा. बीएमसीने ते कधी मान्य केलं नाही. पण नफा भरपूर होतो असंही तिला छातीठोकपणे सांगता आलं नाही. एका गाडीवर आपल्याला नक्की किती सुटतात, हे स्वतःपेक्षा प्रतिस्पर्ध्याला जास्त ठाऊक असणं, याहून मोठी नामुष्की कारखानदाराला नाही. फोर्डने मग १९६२ मध्ये कॉर्टिना काढली. तंत्राच्या दृष्टीने अगदी सरळसोट गाडी, पण तिचा पैन्‌पै हिशेब कागदावर आधी मांडलेला. इसिगोनिसला पुढे ‘सर’ हा किताब मिळाला. पैसा फोर्डला मिळाला.

बीएमसीकडे आणखी एक गाडी होती, तिला घरात ‘एडीओ १६’ म्हणत. साठच्या दशकातली ब्रिटनमधली सर्वाधिक खपाची गाडी. ती ऑस्टिनच्या नावाने विकली जाई, मॉरिसच्या नावाने विकली जाई, एमजी, रायली, वुल्झली आणि व्हांडेन प्लाच्या नावानेही विकली जाई. गाडी एकच, पुढची जाळी आणि आतलं लाकूडकाम वेगळं. कारण ऑस्टिनचा डीलर मॉरिसची गाडी ठेवणार नाही आणि वुल्झलीचं गिऱ्हाईक ऑस्टिनमध्ये बसणार नाही, अशी समजूत होती. एकत्र येऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी घर एक आणि चुली सहा. नवी गाडी आखायला जो पैसा आणि वेळ लागतो, त्यातला बराचसा या जाळ्या बदलण्यात गेला.

१९६८ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारने आणखी मोठं लग्न जमवलं. सरकारचा समज असा, की आकार वाढला की ताकद आपोआप येते. तंत्रज्ञानमंत्री टोनी बेन मध्यस्थ झाले. ट्रक बनवणाऱ्या लेलँडने आधीच स्टँडर्ड-ट्रायम्फ आणि रोव्हर घेतल्या होत्या. तिच्या गळ्यात आता बीएमसी आणि जग्वारही बांधण्यात आल्या. नाव ब्रिटिश लेलँड, कामगार दोन लाखांच्या घरात, प्रमुख डोनाल्ड स्टोक्स. बीएमसीची कपाटं उघडली तेव्हा येत्या वर्षांसाठीच्या नव्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच. होती ती एक मॅक्सी, आणि तिला दारं दुसऱ्या, थोराड गाडीची लावलेली. नवी दारं पाडण्याचा खर्च वाचवायचा म्हणून.

एकत्र येऊनही माणसं एकत्र आली नाहीत, याचा चांगला दाखला ट्रायम्फ स्टॅग या गाडीचा. १९७० ची ही देखणी उघडी गाडी. तिला आठ सिलिंडरचं इंजिन हवं होतं. रोव्हरकडे तसं एक उत्तम, हलकं, कसाला उतरलेलं इंजिन तयार होतं, आणि रोव्हर आता घरातलीच. ट्रायम्फच्या अभियंत्यांनी सांगितलं, ते आमच्या गाडीत बसत नाही. त्यांनी स्वतःचं नवं इंजिन बनवलं. ते गरम व्हायचं, त्याचं हेड वाकायचं, आणि स्टॅग हे नाव रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या गाडीशी कायमचं जोडलं गेलं. यात एकाही संपाचा हात नव्हता.

तीच गत १९७३ च्या ऑस्टिन अलेग्रोची. हॅरिस मान या डिझायनरने कागदावर काढलेली गाडी सपाट नाकाची आणि चपळ दिसणारी होती. मग वरून हुकूम आला, की घरातलं उंच इंजिन वापरायचं. हीटरही मॉरिस मरिनासाठी बनवून घेतलेला तो धिप्पाड डबाच बसवायचा, कारण त्यावर पैसे खर्चून झाले आहेत. डबा बसवायला बॉनेट वर घ्यावं लागलं, बॉनेट वर गेलं म्हणून काच वर गेली, आणि चपळ गाडीची फुगलेली बेडकी झाली. भरीस भर म्हणून सुरुवातीच्या गाड्यांना चौकोनी वळणाचं स्टिअरिंग दिलं. लोक अजून त्यावर विनोद करतात. मला विनोदापेक्षा त्या हीटरचं महत्त्व जास्त वाटतं. गाडीची रूपरेषा जर हिशेबाच्या वहीतला एक उरलेला हीटर ठरवू लागला, तर गाडी बनवण्याचा निर्णय त्या इमारतीत नक्की कुणाकडे आहे, हा प्रश्न पडतो.

आता संपांबद्दल. संप होते आणि भरमसाठ होते. डझनभराहून अधिक युनियन होत्या, कामाच्या नगावर मजुरी ठरवण्याची जुनी पद्धत मोडताना झालेली खडाजंगी होती, आणि एका खात्यातल्या मूठभर लोकांनी काम थांबवलं की साऱ्या साखळीला टाळं लागायचं. याचा फटका बसला नाही, असं कुणी म्हणणार नाही. १९७५ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, सरकारने ती ताब्यात घेतली, तेव्हा या अशांततेचा वाटा मोठाच होता. पण रॉबिन्सनला मायकेल एडवर्ड्स या नव्या प्रमुखाने नोव्हेंबर १९७९ मध्ये काढून टाकलं. त्याच्यासाठी संप करायचा का, असं विचारल्यावर खुद्द लाँगब्रिजच्या कामगारांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. त्यानंतर कारखाना पंचवीस वर्षं चालला आणि त्या पंचवीस वर्षांत संपांनी बुडावा असा काळ पुन्हा आला नाही. तरीही तो बुडाला. रोगाचं कारण काढून टाकल्यावर रोगी पंचवीस वर्षं खंगत जात असेल, तर निदान पुन्हा तपासायला हवं.

तपासायला एक आयता प्रयोगही आहे. लाँगब्रिजकडून धडे घेतलेल्या निसानने १९८६ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला संडरलँडला कारखाना काढला. कामगार ब्रिटिशच, जहाजबांधणी आणि खाणी बंद पडलेल्या भागातले. युनियन एकच, कामाची पद्धत जपानी, आणि तो कारखाना युरोपातल्या सर्वाधिक उत्पादक मोटार कारखान्यांत गणला जाऊ लागला. ब्रिटिश माणसाला गाडी जोडता येत नाही, हा सिद्धान्त तिथेच निकालात निघतो.

ब्रिटिश लेलँडलाही हा धडा मिळत होता, तो होंडाकडून. १९७९ मध्ये करार झाला. सुरुवातीला होंडाच्याच गाडीवर ट्रायम्फची पाटी लावून ती विकली गेली. मग दोघांनी मिळून मोठी रोव्हर ८०० आखली. अमेरिकेत तिचा रोव्हरने विकलेला अवतार दर्जाच्या पाहण्यांत तळाला गेला आणि होंडाने विकलेलं तिचं जुळं भावंड वर राहिलं. ही गोष्ट माझ्या मुद्द्याला अडचणीची आहे, हे मान्य करतो. तेव्हा लाँगब्रिज आणि मॉरिसचा जुना कारखाना असलेलं काउली इथे काम कच्चं होतं. पण १९८९ ची रोव्हर २०० येईपर्यंत ते पिकलं होतं. कंपनीने अनेक वर्षांत काढलेली ती सर्वांत नेटकी गाडी, असं समीक्षकांनीही म्हटलं. शिकायला वेळ लागतो आणि शिकवणारा शेजारी बसलेला हवा, एवढंच यातून दिसतं.

आणि नेमक्या याच टप्प्यावर शिक्षकाला बाहेर काढण्यात आलं. थॅचर सरकारने १९८८ मध्ये ही कंपनी, आता ‘रोव्हर ग्रुप’ म्हणवणारी, ब्रिटिश एरोस्पेसला १५ कोटी पौंडांना विकली. विमान बनवणाऱ्यांना मोटारींत रस नव्हता. पाच वर्षं विकायची नाही ही अट संपली, तसं जानेवारी १९९४ मध्ये त्यांनी ती बीएमडब्ल्यूला ८० कोटी पौंडांना देऊन टाकली. होंडा तेव्हा वीस टक्क्यांची भागीदार होती आणि आपला वाटा वाढवायला तयार होती. तिला डावललं गेलं. भागधारकांच्या दृष्टीने सौदा फायद्याचा होता, पण कारखान्याच्या दृष्टीने पंधरा वर्षांची शिकवणी परीक्षेच्या तोंडावर बंद पडली. माझ्या मते रोव्हरचा मृत्यू लिहायचा तर तारीख ही घालावी. २००५ मध्ये झालं ते अंत्यविधीचं काम.

बीएमडब्ल्यूने वाईट वागणूक दिली असं नाही. तिने पैसा ओतला, रोव्हर ७५ नावाची खरोखर डौलदार गाडी काढली. पण पौंड महागला, निर्यात आटली, आणि १९९८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात ७५ वरचा पडदा सरला, त्याच दिवशी बीएमडब्ल्यूच्या प्रमुखांनी लाँगब्रिजच्या भवितव्याबद्दल जाहीर शंका काढली. नव्या गाडीचं असं बारसं कुणी करत नाही. जर्मन वर्तमानपत्रं रोव्हरला ‘इंग्लिश पेशंट’ म्हणू लागली होती. शेवटी बीएमडब्ल्यूने लँड रोव्हर फोर्डला सुमारे १८० कोटी पौंडांना विकली, मिनी आपल्याजवळ ठेवली आणि उरलेलं दहा पौंडांत दिलं. मिनी आज ऑक्सफर्डमध्ये ब्रिटिश कामगारांच्या हातून बनते आणि जगभर जाते.

दहा पौंडांत कंपनी घेणाऱ्या फिनिक्स गटाचे चौघे भागीदार होते. सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये त्यांचं हारतुरे घालून स्वागत व्हावं तसं स्वागत झालं. पण नवी गाडी आखायला लागणारी रक्कम त्यांच्याकडे नव्हती. होती ती रोव्हर ४५ म्हणजे नव्वदच्या दशकातली होंडाच. छोट्या गाडीची तर आणखी पंचाईत. १९८० ची मेट्रो पाट्या बदलत, शेवटी रोव्हर १०० या नावाने, तब्बल १७ वर्षं विकली गेली होती. १९९७ मध्ये युरोपातली नवी अपघात-चाचणी झाली, त्यात ती वाईट रीतीने चेपली आणि लवकरच बंद करावी लागली. मिनी ज्यांनी काढली, त्यांच्या दुकानात छोटी गाडीच उरली नाही.

इथे या गोष्टीत पुणे येतं. टाटांनी डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आणली होती. रतन टाटांची कल्पना होती, बाहेरून झेनएवढी आणि आतून अ‍ॅम्बॅसॅडरसारखी ऐसपैस गाडी. अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे मुळात लाँगब्रिजच्या बहिणीची, काउलीची मॉरिस ऑक्सफर्ड. ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून पिंपरीत आणला गेला, आराखड्याला ट्युरिनच्या स्टुडिओची मदत घेतली. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, तो पुणेकरांना वेगळा सांगायला नको. टाटांनी त्या तक्रारी घेऊन गाडी पुन्हा हाताळली आणि २००१ मध्ये व्ही-टू काढली. टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली.

हीच इंडिका २००३ मध्ये पिंपरीहून इंग्लंडला जाऊ लागली. पुढची जाळी, बंपर, चाकं बदललेली, सस्पेंशन थोडं खाली घेतलेलं, आणि नाकावर रोव्हरचं बोधचिन्ह. नाव सिटीरोव्हर, किंमत ६,४९५ पौंडांपासून पुढे. जवळपास त्याच पैशांत फियाटची नवी पांडा मिळत होती, आणि ती २००४ ची युरोपातली वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरली. एमजी रोव्हरने टाटांना जे मोजलं, त्यापेक्षा गिऱ्हाईकाकडून पुष्कळ जास्त मागितलं, ते फक्त नाकावरच्या चिन्हासाठी. मोटारींवरच्या ‘टॉप गिअर’ या टीव्ही कार्यक्रमाला गाडी परीक्षणासाठी द्यायचीही कंपनीची हिंमत झाली नाही. त्या कार्यक्रमाच्या जेम्स मेला लपवलेला कॅमेरा घेऊन गिऱ्हाईकाच्या वेषात शोरूममध्ये जावं लागलं. गाडी खपली नाही. पुढे किंमत उतरवली, तोवर उशीर झाला होता.

सिटीरोव्हरवरून इंग्लंडात भारतीय मालाची बरीच टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटते. आपल्या रस्त्यांसाठी, आपल्या किमतीसाठी इंडिका चोख होती. चुकली ती तिच्यावर चढवलेली किंमत आणि तिच्यामागचा विचार. पिंपरीत तेव्हा माणसं चुका करत, त्या दुरुस्त करत गाडी बनवायला शिकत होती. लाँगब्रिजमध्ये त्याच वर्षांत कारखान्याखालची जमीन विकून भाड्याने परत घेतली जात होती. चौघे भागीदार आणि मुख्याधिकारी यांनी मिळून पगार आणि निवृत्तिवेतनापोटी सुमारे ४ कोटी २० लाख पौंड उचलले, हे सरकारने नेमलेल्या तपासनिसांच्या २००९ च्या अहवालात आहे. त्याच कंपनीच्या कामगारांच्या पेन्शन निधीत मोठं भगदाड होतं. एप्रिल २००५ मध्ये चीनच्या एसएआयसी या मोटार कंपनीशी चाललेली बोलणी फिसकटली, निवडणूक महिन्यावर आलेली, सरकारने एका आठवड्याच्या पगारापुरते पैसे दिले आणि मग दारं बंद झाली. बहुतेकांना पुढे कुठे ना कुठे काम मिळालं, पण पूर्वीपेक्षा कमी पगारावर.

नाव आणि गाडी यांतलं काय जास्त टिकतं, याचा निकाल नंतरच्या वाटणीने लावला. रोव्हर ७५ चे आराखडे एसएआयसीने विकत घेतले होते, पण नाव काही तिला मिळालं नाही. तिने ‘रोवे’ अशी नवी पाटी लावून तीच गाडी चीनमध्ये काढली आणि ती अनेक वर्षं विकली गेली. रोव्हर हे नाव २००६ मध्ये फोर्डने बीएमडब्ल्यूकडून घेतलं, आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सने सुमारे २३० कोटी डॉलरना जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तेही मुंबईच्या मालकीचं झालं. २००५ नंतर त्या नावाची एकही नवी गाडी निघालेली नाही.